जिच्यात कुणीच नव्हतं

चुक् चुक्.

दुपारची गाडी कुर्डुवाडीकडे निघून गेली, की येडशी स्टेशनासमोरचं आमचं हाटेल गप्प होतं. बाकं रिकामी, चूल राखेखाली. अशा त्या शांततेत माझ्या पाठीमागे पाल चुकचुकली. मोरीपाशी कप विसळण्याचा आवाज थांबला. "शिवा शिवा," हाटेलची मालकीण इरम्मा पुटपुटली आणि कप पुन्हा वाजू लागले. पाल भिंतीवरच्या फोटोमागे आहे, एवढं तिला कळलं. त्या फोटोमागे आणखी कुणी आहे, हे तिच्या ध्यानात राहिलंय की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, मी आहे तिथे. मी एक जुनी तसबीर आहे, हिरव्या तळ्याची.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका छापखान्यात झाला. छापायच्या गुळगुळीत दगडावरून माझ्या अंगावर एकेक रंग चढत गेला. आधी पिवळा, मग निळा, आणि दोघांचा मिळून हिरवा. काठाला उंच काळी झाडं, मागे निळसर डोंगर, आणि मध्ये पाणी. माणूस नाही, जनावर नाही, एक पाखरूसुद्धा नाही. का ठेवलं नाही, ते चितारणाऱ्यालाच ठाऊक. गुंडाळीतून मी मुंबईला आले आणि तिथून धाराशिवला, रसूलभाईंच्या दुकानात. कागदोपत्री गावाचं नाव उस्मानाबाद होतं, पण बोलताना सगळे धाराशिवच म्हणत. रसूलभाई काचा कापायचे, चौकटी ठोकायचे, चित्रं विकायचे. मी तिथे दोन वर्षं पडून होते. माझ्या वरची चित्रं जायची, खालची जायची. गिऱ्हाईक मला उचलायचं, बघायचं आणि परत ठेवायचं.

एक दिवस महांतप्पा आले. येडशीला त्यांनी नवं चहाचं हाटेल काढलं होतं आणि भिंतीला एक चित्र हवं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. इरम्मा उंबऱ्यापाशी पदर सावरून बसली होती.

"लक्ष्मी घ्या, शेठ. धंद्याचं काम हाय," रसूलभाई म्हणाले.

"अन् तिच्यासमोर लोक चपला घालून बिडी ओढणार? न्हाय जमायचं."

"मग हुजूर निजामांची न्या. कचेरीत सगळीकडं हीच जाते."

"त्यांच्यावर धूळ बसली तर जाब मी द्यायचा व्हय?"

रसूलभाईंनी वाघ काढला. महांतप्पा म्हणाले, "हा चहा पिणाऱ्याकडं बघतोय का चहा पिणाऱ्याला खायला बघतोय?" मग गुलाब हुंगणारी एक गोरी मडम निघाली. ती महांतप्पांच्या हातात जरा जास्तच वेळ राहिली. उंबऱ्यापाशी कुणीतरी खाकरलं.

"ठेवा, ठेवा," रसूलभाई हसून म्हणाले. "घरचा हुकूम आला."

सगळ्यात शेवटी मी निघाले. महांतप्पांनी मला उजेडात धरलं. "ह्यात तर कुणीच न्हाय की हो."

"तेच तर, शेठ! हिंदू येऊ दे, मुसलमान येऊ दे, फौजदार येऊ दे. पाण्यावर कोण रागवतो?"

अशी माझी निवड झाली, मित्रांनो. बाकीची चित्रं त्यांच्यात काहीतरी होतं म्हणून निवडली गेली. मी माझ्यात कुणी नव्हतं म्हणून.

रसूलभाईंनी मला सागाची चौकट केली आणि टांगायला स्वतः येडशीला आले. घरात तसबीर उभ्या माणसाच्या नजरेला लावतात, पण हाटेलात लोक बसलेले असतात, असं म्हणत त्यांनी मला हातभर खाली घेतलं. दाराचा उजेड काचेवर चमकू नये म्हणून वरची कड बोटभर पुढे झुकवली. त्या दिवसापासून मी बसलेल्या माणसांकडे थोडी वाकून बघत असे.

लोक माझं कौतुक करायचे, खोटं कशाला सांगू? "हे नळदुर्गचंच पाणी," असं एक जण शपथेवर सांगायचा. दुसरा म्हणायचा, "काय बी बोलतो! असली झाडं हायत व्हय नळदुर्गात?" मग गाडीची शिट्टी व्हायची आणि दोघंही अर्धी बशी तशीच टाकून पळायचे. माझ्यात डोकावून गेलेला माणूस दुसऱ्यांदा क्वचितच दिसायचा.

एका शुक्रवारी इरम्माने घरातल्या देवांच्या तसबिरी पुसल्या, त्यांना कुंकू लावलं, आणि त्याच हाताने बाहेर येऊन मलाही लावलं. काचेवर, बरोबर पाण्याच्या मधोमध. चौकटीत आहे म्हणजे देवच असणार, असं तिच्या हाताला वाटलं असावं. संध्याकाळी एका शेतकऱ्याने मला बघून पायताणं बाहेर काढली आणि विचारलं, "हे कुठलं क्षेत्र म्हणायचं?" महांतप्पांना हसू आवरेना. त्यांनी ओल्या फडक्याने कुंकू पुसून टाकलं. "खुळे, ती सगळ्यांची हाय. राहू दे तशीच."

त्यांचं बरोबरच होतं. पण मला तो एकच दिवस आठवतो, जेव्हा मी कुणाची तरी होते.

मग पोर झाली. तिचं नाव शरणम्मा. चूल, पाळणा आणि गिऱ्हाईक, इरम्मा तिन्हीकडे पळायची. पोर रडायला लागली की महांतप्पा तिला माझ्यासमोर धरून बोटाने झाडं मोजायचे. नऊ झाडं आहेत माझ्यात. ते मुद्दाम दहा मोजायचे.

पुढे दिवस बिघडले. सत्तेचाळीस गेलं, अठ्ठेचाळीस आलं. पलीकडच्या मुलखात स्वराज्य आलं होतं, आमच्याकडे अजून निजामाचं राज्य. हाटेलात लोक हळू बोलू लागले. श्रावणात एके सकाळी हातात काठ्या घेतलेले पाच-सहा जण आत शिरले. त्यांच्यातल्या पुढच्याने काठीने माझ्याकडे दाखवलं.

"ये तसबीर किसकी है?"

"कुणाचीच न्हाय, साहेब," महांतप्पा म्हणाले.

"हुजूर की क्यों नहीं?"

माझ्यावर कुणीच रागावणार नाही म्हणून मला आणलं, आणि माझ्यावरच ते लोक रागावले. काठीच्या एका फटक्यात चहाची किटली चुलीवरून खाली आली. 'उद्या पुन्हा येतो' असं बजावून ते गेले.

त्याच दिवशी महांतप्पा बार्शीला निघाले. तिथे निजामाची हद्द संपत होती. "जागा बघतो. आठ दिवसांत येऊन तुला अन् पोरीला नेतो," ते म्हणाले. निघताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने की कसं, मला समजलं नाही.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. पळून गेलेले लोक एकेक करून परत आले. महांतप्पा आले नाहीत. बार्शीचे लोक म्हणाले, ते तर आठव्या दिवशीच निघाले होते. गाडी बंद होती म्हणून रामलिंगाच्या डोंगरातून चालत. त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

इरम्माने हाटेल बंद केलं नाही. ते ह्याच दाराने येणार, असं ती म्हणे.

वर्ष होत आलं तेव्हा रसूलभाई आले. केस पांढरे झाले होते. त्यांच्या दुकानाच्या काचा फुटल्या होत्या. कुणी फोडल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि इरम्मानेही विचारलं नाही. तिने त्यांच्यापुढे चहाची बशी ठेवली. मग त्यांनी फडक्यातून एक फोटो काढला.

"बार्शीला काच आणायला गेलतो, भाभी. तिथला फोटोवाला म्हणाला, येडशीच्या हाटेलवाल्यानं फोटो काढून घेतला, अन् न्यायला आलाच न्हाय."

फोटोत महांतप्पा उभे होते. अंगात काळा कोट.

"हा कोट कुणाचा?" इरम्माने पहिल्यांदा हेच विचारलं.

"फोटोवाल्याचा. सगळ्यांना तोच घालतो."

शरणम्मा आता पाच वर्षांची होती. तिने मान हलवली. "हे आप्पा न्हायत." मग जवळ जाऊन, "कान आप्पांचे हायत," म्हणाली.

इरम्माने ठरवलं, फोटो हाटेलातच लावायचा. चार मुलखांची माणसं इथे चहा पितात. कुणीतरी ओळखील, कुणीतरी म्हणेल, मी ह्यांना बघितलंय. आतून तिची नणंद गंगम्मा बाहेर आली.

"भिंतीला टांगलास की लोक हात जोडतील, बाई. वरीस होत आलं. कपाळाचं काय करायचं ते एकदा ठरव."

"कुणी बघितलंय का त्यांना मेलेलं, आक्का? बघितलं असंल तर समोर येऊन सांगावं," इरम्मा म्हणाली. गंगम्माने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

बार्शीलाही नवी काच मिळाली नव्हती. रसूलभाईंनी मला उतरवलं, मागचे खिळे काढले, काच पुसली. मला बाजूला ठेवताना त्यांचा हात अडला. "फेकवत न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी मला फोटोच्या मागे सरकवून वर पुठ्ठा ठोकला.

तेव्हापासून माझ्या पाण्यासमोर महांतप्पांची पाठ आहे. मला दिसत काही नाही, ऐकू येतं आणि वास कळतो. आयुष्यभर मला वाटायचं, माझ्यात एक तरी माणूस असावा. आला तो असा.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशा जुन्या चौकटी असतील. त्या पुसताना कधी सावकाश उलटून पाहा. मागे वाळवी लागली नाही ना, एवढं तरी बघा. समोर दिसतो त्याच्यामागेही कुणीतरी दिवस काढत असतो.

तर, गंगम्मा म्हणाली तसंच झालं. गाडीतून उतरणारे लोक फोटोपुढे हात जोडतात, हे मला त्यांच्या पुटपुटण्यावरून कळायचं. "वाईट झालं," असं म्हणायचे. इरम्मा दरवेळी तेच सांगायची, "जिवंत हायत ते. कुठं दिसले तर सांगा." मग समोरचा माणूस चहा संपवून निघून जायचा. मी बघितलंय, असं आजवर कुणी म्हणालं नाही.

आज दसरा, फोटो भिंतीवर आल्यानंतरचा पहिलाच. दुपारची गाडी गेली, कप विसळून झाले. मग इरम्मा झेंडूची टोपली घेऊन बाकावर बसली. सुईतून दोरा सरसर ओढल्याचा आवाज येत होता. देवांना, चुलीला, दाराला, तराजूला, ती मोजत मोजत हार ओवत होती. शरणम्मा एकेक उचलून पोचवत होती. तिची पावलं आत जायची, बाहेर यायची.

मग बाक ओढल्याचा आवाज झाला. पावलं बाकावर चढली. माझ्या अगदी जवळ, काचेपाशी, झेंडूचा वास आला.

"अव्वा," शरणम्मा आईला म्हणाली, "आप्पांना घालायचा का न्हाय?"

दोरा थांबला.