छाती उसवलेला यंत्रमानव

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. जुना तो साच्यापुरता. अंगातलं प्लॅस्टिक अवघं दीड वर्षाचं आहे. म्हणजे चेहरा आजोबांचा आणि दात दुधाचे, अशी माझी गत. खोक्यावरच्या चित्रात मी एका हाताने अख्खा पूल उचलून धरलाय आणि पायाशी माणसं मुंग्यांएवढी दिसताहेत. प्रत्यक्षात मी वीतभर उंच आहे. चित्रकाराचं मन मोठं होतं, एवढंच म्हणायचं.

माझा पोलादी साचा चाळीसेक वर्षांपूर्वी घडला. तेव्हा माझ्यासारखे हजारो निघाले. मुलांनी ते जोडले, लढवले, मोडले, आणि मुलं मोठी झाली. मग साच्याला ग्रीस फासून त्याला कारखान्यातल्या मागच्या फळीवर टाकलं. कित्येक वर्षं कोणी विचारलं नाही. एके दिवशी कुणाला तरी आठवण झाली, ग्रीस पुसलं, गरम प्लॅस्टिक आत गेलं आणि मी जन्मलो. तेही तुकड्यातुकड्यांत. प्लॅस्टिकच्या चौकटीला हात, पाय, मुठी, पुढची छाती, मागची पाठ, असा मी शेंगांसारखा लटकत होतो. साचा झिजलेला, म्हणून कडेकडेने पापुद्रे. हल्लीचे यंत्रमानव नुसते दाबले की टक्कन बसतात. आम्हाला कानस लागते, गोंद लागतो आणि जोडणाऱ्याच्या अंगात चिकाटी लागते.

मला घरी आणलं ते ताईंनी. टपाल वाटण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आता गुडघे कुरकुरतात. त्यांचा धाकटा भाऊ बावन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस मोजके आहेत, तरी त्या त्याला बारक्याच म्हणतात. मीही तेच म्हणणार, राग मानू नका.

बारक्या दातांच्या कवळ्या बनवायचा. सात महिन्यांपूर्वी फुटलेल्या काचेने त्याच्या उजव्या मनगटातली नस कापली. डॉक्टरांनी ती जोडली. बोटं हलू लागली, पण त्यांची टोकं बधिरच राहिली. आणि कवळीची कड शेवटी डोळ्यांनी तपासत नाहीत, बोटाने तपासतात. बोटाला न कळलेली खरखर कुणा म्हातारीच्या हिरडीला बरोबर कळते. त्याच्या मालकीणबाईंनी इतके दिवस जागा राखली होती. आता महिनाअखेरीपर्यंत येतो की नाही ते सांग, असा त्यांनी निरोप धाडला होता.

ताईंनी माझं खोकं त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लहानपणी मी असाच एक जोडला, तेव्हा तुला नुसतं खोक्याचं झाकण धरायला दिलं होतं. घे, आता सगळा तुझा."

बारक्याची बायको शिवणकाम करते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचं मशीन असतं. डॉक्टरांनी व्यायामाला चेंडू सांगितलाय, राक्षस नाही, असं ती पुटपुटली. पण कापडाचे गठ्ठे सरकवून तिने मला जागा करून दिली.

पहिले काही दिवस त्याने मला डाव्या हातानेच चौकटीतून कापलं. मग हळूहळू उजवा हात पुढे आला. कानस हातात आली आणि त्याला जुनी सवय आठवली. कवळीवर सांध्याची रेघ दिसणं म्हणजे त्या धंद्यात नाक कापल्यासारखं. त्याने माझी छाती नि पाठ गोंदाने जोडली आणि घासायला घेतलं. जाड सँडपेपर, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. चार दिवस दुसरं काही नाही. पाचव्या दिवशी मी असा झालो होतो की जणू एकसंधच ओतलाय. ताई बघायला आल्या, चष्मा वर-खाली करून त्यांनी रेघ शोधली आणि हरल्या. बारक्या खूप दिवसांनी हसला.

तेवढ्यात बायकोने कापड झटकलं आणि त्याखालून एक प्लॅस्टिकचा दांडा घरंगळला. तिने विचारलं, हा कुठला?

तो माझ्या खांद्यांचा दांडा होता. छाती बंद करण्याआधी तो आत आडवा बसवायचा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना हात लागतात. आमचा गोंद प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो, त्यामुळे नंतर आत काही घालायची सोय नाही. रेघ घालवण्याच्या नादात बारक्या दांडाच विसरला होता.

त्याने सँडपेपर बाजूला सारला. मग मला खोक्यात टाकून म्हणाला, "मालकीणबाईंना कळव, येत नाही म्हणून."

ताई काहीतरी बोलणार होत्या, पण बायकोने त्यांना डोळ्यांनी थांबवलं. तिने मला बाहेर काढलं आणि त्याच्या उजव्या हातात दिलं.

"उसवा," ती म्हणाली. "शिवणीवरून उसवलं की कापड फाटत नाही."

"शिवण राहिलीय कुठे? मीच घालवली ना."

"दिसत नाही म्हणजे गेली असं नाही. डोळे मिटा."

त्याने मिटले. माझ्या काखेपासून कमरेपर्यंत त्याचं ते बधिर बोट फिरू लागलं. एकदा फिरलं, दहादा फिरलं. मित्रांनो, गोंद पूर्ण वाळला की सांधा केसाएवढा आत बसतो. ते मला ठाऊक होतं, पण आम्हाला बोलता कुठे येतं? मी आपला जमेल तेवढा ताठ राहिलो. बोट कमरेपाशी थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच थांबलं.

"इथे आहे," बारक्या म्हणाला. मग अगदी हळू, "अगं, इथे आहे."

बायकोने खडूने खूण केली आणि मशीनकडे तोंड फिरवलं. दोरा ओवायला तिला एरवी इतका वेळ लागत नाही. ताई मात्र म्हणाल्या, झाकण धरू का, आणि खरंच धरून बसल्या.

पातळ करवतीने त्याने मला तीन दिवसांत उघडलं. एके ठिकाणी करवत घसरली, तिथे मला ओरखडा आहे. दांडा बसला, हात बसले, छाती पुन्हा मिटली. सोमवारी तो कामावर गेला. सध्या अर्धाच दिवस, आणि त्याच्या हातची प्रत्येक कड मालकीणबाई पुन्हा तपासतात. परवा त्यांनाच एक खरखर कळली नाही, ती याला कळली, असं ऐकतो.

आता मी मशीनजवळच्या फळीवर असतो. ताईंनी मला काचेची पेटी आणायचं काढलं होतं, बारक्याने नको म्हटलं. म्हणून, मित्रांनो, तुमच्याही घरी असा कुणी जुना सोबती असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा, खांदे हलकेच फिरवा. चुकीचं जोडलं गेलं असेल तर ओढून मोडू नका आणि फेकूनही देऊ नका. मला भेटायला आलात तर लांबून बघून जाऊ नका. डोळे मिटा आणि हात लावा.