वासेमादा चाकाशी बोलते

लाऊ बेटांकडे निघालेल्या 'लोमालांगी' या गस्तीनौकेच्या सुकाणूकक्षात सब-लेफ्टनंट वासेमादा हिचे अंतःकरण त्या प्रभाती हर्ष आणि धास्ती यांनी एकाच वेळी भरून गेले होते. समोर प्रवाळखडकांतील अरुंद खिंड, आणि खिंडीपलीकडे तिचे स्वतःचे गाव. स्वतःच्या हुकमाने नौका आत नेली, की कप्तान इसिकेली तिच्या शिकाऊ वहीवर सही करणार होते, व यापुढे नौकेचा पहारा एकटीने सांभाळण्याचा अधिकार तिला लाभणार होता. न जमल्यास आणखी सहा महिने शिकाऊपण.

खडकांचे भय तिला नव्हते. नकाशा मुखोद्गत होता. भय होते ते पाठीमागे सुकाणूचे चाक धरून उभ्या असलेल्या आपाकुकीचे. नेहमीचा सुकाण्या तापाने आडवा झाल्यामुळे काल हा बदली म्हणून चढला होता. तिच्या चुलत्याचा मुलगा, अर्थात भाऊच. आणि त्यांच्या कुळात वयात आलेले भाऊबहीण आदरापोटी एकमेकांशी बोलत नसत. अकरा वर्षांत दोघांमध्ये एका शब्दाचेही बोलणे झाले नव्हते.

"तांडेल," ती शेजारी उभ्या असलेल्या खलाशांच्या नायकाला पुटपुटली, "सुकाण्याला सांगा, उजवे दहा."

तांडेल रुपेनीच्या गावाला तिच्या गावाची थट्टा करण्याचा पिढीजात हक्क होता. असा योग तो कशाला दवडतो?

"आपाकुकी, मॅडम विनंती करतायत. उजवे दहा. तुझा नारळ खाऊन झाला असेल तर. तुमच्या गावात सगळंच आरामात चालतं, माहीत आहे मला."

"उजवे दहा!" आपाकुकीने नियमाप्रमाणे हुकूम परत उच्चारून सुकाणू दहा अंश उजवीकडे फिरवले. परंतु तेवढ्या अवधीत प्रवाहाने नौकेचे तोंड डावीकडे लोटले होते, आणि पांढरा फेस अगदी जवळ उसळत होता.

"इंजिन मागे!" कप्तान गरजले. नौका खुल्या पाण्यात आल्यावर ते तिच्याकडे वळले. "सोयरीक जुळवतेयस का इथे? मध्यस्थ कशाला?"

"सर, तो... आमच्यात..."

"रिवाज मला माहीत आहे, पोरी. खडकाला माहीत नाही. दुसरा सुकाण्या माझ्याकडे नाही. एक फेरी घाल आणि परत ये. पुन्हा असंच झालं तर सही विसर."

नौका वळू लागली. मग पाठीमागून एक धीमा स्वर आला. तो तिला उद्देशून नव्हता.

"ए चाका, ऐक. हुकूम येतो तो तुला येतो. मी कोण? मी नुसते हात."

वासेमादा समोरच पाहत राहिली, पण तिच्या मुखावर पहाट फुटली. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिला शिकवले होते, की हुकूम देताना दृष्टी पाण्यावर असावी, मागे वळू नये. हुकमात कोणाचेही नाव नसते. केवढी साधी गोष्ट!

तिने छाती भरून श्वास घेतला.

"चाका! उजवे दहा!"

"उजवे दहा!"

"सुकाणू मध्ये!"

"सुकाणू मध्ये!"

दोघांचे स्वर लाटेमागून लाट यावी तसे येऊ लागले. फेस दोन्ही बाजूंनी अदबीने मागे सरला, आणि नौका निळ्याशार शांत पाण्यात अलगद उतरली. किनाऱ्यावर सारे गाव हात हलवीत होते.

नांगर पडताच कप्तानांनी वही मागितली. 'आवाज पुरत नाही' हा स्वतःचाच जुना शेरा त्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि खाली ठसठशीत सही केली.

"माझा डावा कान गेला," ते म्हणाले. "पण गेला तो चांगल्या कामी."

खाली उतरण्यापूर्वी वासेमादाने चाकावर हात ठेवला. नजर खिडकीबाहेर होती.

"चाका, फार उपकार झाले."

आपाकुकी होकायंत्र निरखीत होता.

"चाक म्हणतंय, ताईंचा आवाज लहानपणीचाच राहिलाय. रताळ्याच्या वाफ्यातून कोंबड्या हाकलायच्या, अगदी तोच."

रुपेनी पोट धरून हसत खाली बसला. आणि ती दोघे भावंडे दोन निरनिराळ्या दिशांना पाहत, एकाच वेळी, खळखळून हसली.