स्वतःच्या मर्जीने

गेना पेत्कोवा एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली, आणि तिच्या निधनाच्या कागदावर फोटो छापला होता तिशीतल्या एका दाढीवाल्याचा.

नेव्हेना कामावर निघाली होती. लोव्हेच गावात माणूस गेलं की त्याचा कागद दारावर लागतो, विजेच्या खांबावर लागतो, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. त्यामुळे रस्त्यानं चालताना कुणी या चेहऱ्यांकडे मुद्दाम बघत नाही. नेव्हेनानंही बघितलं नसतं. पण तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. डोळे बारीक करून, ओठ एका बाजूला ओढून हसणारा ल्युबेन, कचेरीत तिच्या शेजारी बसायचा तो. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

ती गेनाच्या दारापाशी थांबली.

शेजारी एक बाई कांद्याच्या पातीची पिशवी घेऊन उभी होती. "बघ गं, गेना तरुणपणी अशी दिसायची होय? मिशा होत्या तिला, नाही असं नाही. पण एवढी दाढी?" म्हणाली, हसली, आणि हसल्याबद्दल घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. "कोण गं हा मेला?"

"चूक झालीय. छापण्यात," नेव्हेना म्हणाली आणि नखानं चिकटपट्टी उचकटायला लागली. कागद फाटला. चेहऱ्याचा अर्धा भाग दारावरच राहिला, तो तिनं बोटांनी खरवडून काढला.

या महिन्यातला हा चौथा.

अशा कागदांची साइट चालवणाऱ्या आपल्या कचेरीत पोचली तेव्हा ग्रिगोर, तिचा साहेब, फोनवर गेनाच्या मुलाची माफी मागत होता. फोन ठेवला आणि तो तिच्यावर घसरला. "नेव्हेना, आणखी किती लोकांच्या शिव्या खाऊ मी? परवा पितरांचा शनिवार. अख्खं गाव आपल्या साइटवर कागद टाकणार, छापून नेणार, दारोदार चिकटवणार. आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या जागी आपला ल्युबेन हसत बसणार काय?"

"मी गेनाचं पान दुरुस्त करते."

"पान नको करूस! साचा कर. एक ओळ आहे. एक ओळ पुसायला तुला महिना लागतो?"

आता हा साचा काय, ते सांगायला हवं. त्या साइटवर हजारो कागद होते, पण खरं म्हणजे कागद एकच होता. काळी चौकट, फोटोची जागा, नाव, तारीख, एक ओळ दुःखाची. तो साचा ल्युबेननं एकदाच बनवला आणि मग प्रत्येक पान तोच वापरत राहिलं. वरचं पान साच्याला सांगतं, हे नाव घे, हा फोटो घे, ही तारीख घे. साचा स्वतःहून काही विचारत नाही. वरून मिळेल ते अंगावर घालतो आणि उभा राहतो. कचेरीत वरच्या पानाला सगळे 'माय' म्हणत आणि साच्याला 'पोर'. मायनं दिलं ते पोरानं घेतलं. आणि मायनं एखादी गोष्ट दिलीच नाही, तर पोराच्या खिशात आधीपासून जे ठेवलेलं असेल ते बाहेर येतं.

त्या खिशात ल्युबेन होता. त्याचं नाव, त्याचा फोटो, आणि तारखेच्या जागी नेहमी आजची तारीख.

वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, कारण लोक सगळं भरून देत होते. गेल्या महिन्यात ग्रिगोरनंच टूम काढली की फोटो नसला तरी चालेल, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो लोकांना सापडत नाहीत. आणि ज्या ज्या पानानं फोटो दिला नाही, तिथं तिथं ल्युबेन उगवायला लागला. शंभरीला टेकलेल्या आज्यांच्या नावावर, निवृत्त पोस्टमनच्या नावावर, दोन जुळ्या बहिणींपैकी एकीच्या नावावर. नेव्हेना प्रत्येक पानावर जाऊन त्याला एक साधं क्रूसाचं चित्र द्यायची. पानापुरता तो नाहीसा व्हायचा. आठ दिवसांनी दुसरीकडे हजर. कारण स्वच्छ माहीत होतं, तरी हल्ली नवीन पान ती अर्धवट डोळे मिटूनच उघडायची. आपणच त्याला एकेका दारातून हाकलतोय आणि तो बिचारा दुसरं दार ठोठावतोय, असं वाटायचं.

साच्याला मात्र तिनं हात लावला नव्हता. का नाही, ते ग्रिगोरला सांगण्यासारखं नव्हतं.

"आज संध्याकाळच्या आत," ग्रिगोर म्हणाला. "नाहीतर मी पुसतो." आणि तो गिऱ्हाइकाकडे निघून गेला.

नेव्हेनानं साचा उघडला. ती ओळ समोर होती. तिनं कर्सर शेवटी नेऊन ठेवला आणि तशीच बसून राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात ल्युबेनची आई उभी होती.

दोब्रिन्का म्हणजे हाडापेरानं मजबूत बाई. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचललेली. पण सव्वा वर्षात तिचा कोट तिला मोठा व्हायला लागला होता. हातात फडक्यात बांधलेला डबा. पितरांसाठी शिजवलेले गोड गहू, वर पिठीसाखर.

"परवा वाटायचे, पण तुला आजच आणले. खा."

"मावशी, बसा ना. कॉफी करू?"

"कॉफी नको. तो तुझा ग्रिगोर सकाळी फोन करून म्हणतो, मावशी माफ करा, ल्युबेनचा फोटो आज काढून टाकतोय. म्हणून आले." ती खुर्चीत बसली, कोट न काढता. "काढू नकोस, पोरी."

"मावशी, लोकांच्या कागदांवर येतोय तो. लोक चिडतात."

"लोकांच्या कागदांचं मला घेणं नाही. मी माझ्या कागदाचं बोलतेय." तिनं पिशवीतून टॅबलेट काढला, काच कोपऱ्यात तडकलेली, आणि उघडून नेव्हेनासमोर धरला. "हे पान. त्यानंच मला पाठवलं होतं. बघ आई, नवीन काम करतोय म्हणाला. तेव्हा यात काही नव्हतं, नुसतं 'नाव, आडनाव' लिहिलेलं. त्याला पुरल्यावर आठ दिवसांनी वाटलं, बघावं, पोरगं शेवटी काय करत होतं. उघडलं, तर हे."

नेव्हेनानं टॅबलेट जवळ ओढून बघितलं. ते चाचणीचं पान होतं, शून्य क्रमांकाचं. त्याला वरून देणारं कुणी नव्हतंच. म्हणून साच्याच्या खिशात होतं नव्हतं ते सगळं एकदम बाहेर आलं होतं. काळी चौकट. ल्युबेनचा हसरा फोटो. ल्युबेन दोब्रेव, वय तेहतीस. आजची तारीख. आणि खाली ती ओळ.

*स्वतःच्या मर्जीने आम्हाला सोडून गेला.*

"रोज सकाळी उघडते," दोब्रिन्का म्हणाली. "रोज तारीख त्या दिवसाची असते. माझं पोर रोज सकाळी नव्यानं मरतं, बघ. मी दाराला त्याचा कागद लावला नाही, ठाऊक आहे ना तुला? चाळिसाव्याला नाही, वर्षाला नाही. गाव नावं ठेवतं, कसली ही आई म्हणतं. अगं पण काय लावू? त्यानं स्वतःच स्वतःचा लिहून ठेवला. 'स्वतःच्या मर्जीने'. रस्ता कोरडा, दिवसाउजेडी, माझ्या घराकडचं वळण, त्याच्या रोजच्या सवयीचं. पोलीस म्हणाले गाडीच्या ब्रेकची खूणसुद्धा नाही. झोप लागली असेल म्हणाले. मी हो म्हटलं. पण मला माहीत होतं. त्यानं लिहिलं होतं ना."

नेव्हेनानं टॅबलेट टेबलावर ठेवला.

"तू त्याच्या शेजारी बसायचीस. आठ तास, रोज. मला फक्त एवढंच सांग, तो हे लिहीत होता तेव्हा कसा दिसत होता? रडत होता का? का आधीच दगड झाला होता? मी आई असून मला दिसलं नाही, पोरी. रविवारी माझ्याकडे जेवून गेला. भरलेल्या मिरच्या खाल्ल्या, दोनदा वाढून घेतल्या. मी म्हटलं, दाढी कर. शेवटचं हेच बोलले मी त्याला. दाढी कर!"

आणि ती रडायला लागली, तोंडाला हात न लावता, सरळ समोर बघत.

नेव्हेनाला वाटलं, उठावं आणि पळून जावं. हात त्या ओळीवरच होता. पुसून टाकली की साइटवर काही उरणार नव्हतं. म्हातारी हळूहळू विसरेल, असं मन म्हणत होतं. साफ खोटं म्हणत होतं. ही बाई मरेपर्यंत विसरणार नव्हती, दर सकाळी विचारणार होती, आपल्या पोराला जगणं का नको झालं.

"मावशी," ती म्हणाली, "त्यानं नाही लिहिलं."

"काय?"

"मी लिहिलं."

दोब्रिन्कानं वळून तिच्याकडे बघितलं.

"त्यानं राजीनामा दिला होता. लांब, वार्नाला नोकरी लागली होती. तुम्हाला सांगणारच होता, पण तुम्ही रडाल म्हणून टाळत होता. राजीनाम्याच्या छापील अर्जावर काय असतं, मावशी? 'स्वतःच्या मर्जीने'. आणि कागदांवर आपण सगळे लिहितो 'आम्हाला सोडून गेला'. मी दोन्ही जोडलं. तो जेवायला बाहेर गेला होता, तेवढ्यात साच्यात त्याचं नाव टाकलं, फोटो टाकला. गंमत. परत आला, बघितलं, आणि इतका हसला की डोळे पुसायला लागला. म्हणाला, 'राहू दे, खरे मेलेले येईपर्यंत मीच सांभाळतो जागा.' मग बारा दिवसांनी... जिवंत माणसाच्या नावाचा कागद केला मी. आपल्याकडे असं कुणी करतं का? लहान पोरसुद्धा करत नाही."

"खोटं बोलतेस. मला बरं वाटावं म्हणून."

नेव्हेनानं स्क्रीन तिच्याकडे वळवला. कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली, याची नोंद साच्याच्या बाजूला असते, ती कुणाला बदलता येत नाही. तिनं बोट ठेवलं. दोब्रिन्कानं चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला आणि वाचलं. *नेव्हेना इल्चेवा. दुपारी बारा चाळीस.* शेजारी तारीख होती, तीही तिनं बोटांवर मोजून बघितली. ल्युबेन जायच्या आधी बारा दिवस.

"सव्वा वर्ष," ती हळूच म्हणाली. "सव्वा वर्ष तुला माहीत होतं."

"तुम्ही ते पान बघता हे माहीत नव्हतं, मावशी. शपथ. पण ती ओळ मी पुसली नाही, कारण... पुसली तर मी लपवलं असं झालं असतं. आणि ठेवली तर तो दारोदार फिरतोय. मला दोन्ही जमेना." मग तिच्या तोंडून निघूनच गेलं. "तो जायला नको होता मला. वार्नालासुद्धा. म्हणून राग काढला. तोंडावर 'जाऊ नकोस' म्हणता येत नव्हतं, म्हणून असलं अभद्र काहीतरी लिहिलं."

दोब्रिन्कानं कोटाची बटणं एकेक करून लावली. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"मी तुला माफबिफ करणार नाही," शेवटी ती म्हणाली. "आज तरी नाही. तू माझ्या पोराला त्या वळणावर नेलंस असं माझं मन म्हणणार, रात्रंदिवस म्हणणार, मी त्याला काय करू?" आणि एकदम तिनं नेव्हेनाचं मनगट घट्ट पकडलं. "पण तो हसला ना? खरं सांग. डोळे पुसायला लागला?"

"हो. टेबलावर डोकं ठेवून हसला."

"म्हणजे त्याला मरायचं नव्हतं."

"नव्हतं, मावशी. वार्नाला समुद्राजवळ खोली बघून आला होता. तुम्हाला उन्हाळ्यात न्यायचं म्हणून दोन खाटा सांगितल्या होत्या त्यानं."

हे ऐकून म्हातारी जी रडली, ती आधीसारखी नाही. मोठ्यानं, पोटातून, शाळेच्या स्वयंपाकघरात हाक मारायची तशा आवाजात. नेव्हेना तिच्यापाशी जमिनीवर बसली. तिला हात लावायची तिची छाती झाली नाही, पण दोब्रिन्कानंच तिचं डोकं आपल्या कोटात ओढून घेतलं आणि दाबून धरलं, जरा जास्तच जोरात.

मग ती उठली, नाक पुसलं. "पूस ते. माझ्यासमोर."

नेव्हेनानं ओळ पुसली, फोटो पुसला, नाव पुसलं. शून्य क्रमांकाचं पान टॅबलेटवर पुन्हा उघडलं. रिकामी चौकट आली. दोब्रिन्कानं तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"आता नवीन पान कर. मी सांगते तसं भर. मी आहे त्याची आई, मी देईन त्याला काय द्यायचं ते."

"नाव?"

"पूर्ण लिही. ल्युबेन स्तोयानोव दोब्रेव. बापाचं नाव गाळू नकोस."

"तारीख?"

तिनं खरी तारीख सांगितली, एकेक आकडा सुटा करून.

"चौकट काळी?"

"हिरवी. तरुण होता, लग्न कुठं झालं होतं. बिनलग्नाच्या पोरांची हिरवीच लावतात. फोटो दाढीचाच असू दे. छान दिसतो."

"आणि ओळ?"

दोब्रिन्कानं विचार केला. "लिही, 'घरी यायला निघाला होता.' बस. त्या दिवशी तो माझ्याकडेच येत होता, हे मला आता नीट म्हणता येतं."

तासाभरानं दोघी ओसूम नदीपलीकडच्या दोब्रिन्काच्या दारात होत्या. म्हातारी दोन्ही हातांनी कागद सरळ धरून उभी, नेव्हेना चिकटपट्टीचे तुकडे दातांनी तोडून देतेय. चारही कोपरे दाबून झाले. वरच्या मजल्यावरचा शेजारी ब्रेड घेऊन येत होता, तो थांबला, टोपी काढली, सगळा कागद सावकाश वाचला. शेवटी शोकाकुल म्हणून दोन नावं होती. दुसरं नाव छापायला दोब्रिन्कानंच लावलं होतं.

"आई दोब्रिन्का, ते कळलं," तो म्हणाला. "ही नेव्हेना कोण त्याची?"

नेव्हेनानं मान खाली घातली.

"ही?" दोब्रिन्का म्हणाली. "ही एकटीच त्याला जाऊ नको म्हणत होती."