साद घालणाऱ्या डबीची गप्प सकाळ

मी एक जुनी लाकडी डबी आहे. मात्र मित्रांनो, माझ्यात सुपारी किंवा टाचण्या ठेवायला जाल तर फसाल. माझे झाकण एका स्क्रूवर सैल फिरते. ते माझ्या पातळ कडेवर घासले की टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याची मादी बोलल्यासारखा आवाज निघतो. अमेरिकेतल्या मिसूरीच्या डोंगरात वसंत आला की शिकारी याच आवाजाने नराला बोलावतात.

थर्लोकाकांनी मला एका हिवाळ्यात घडवले. अंग सिडारच्या लाकडाचे, झाकण अक्रोडाच्या. कड तासायची, वाजवून बघायची, नाक मुरडायचे आणि पुन्हा तासायची, असे त्यांचे कितीतरी दिवस चालले. शेवटी मी नीट बोलले तेव्हा अंगणातली कोंबडीसुद्धा मान वर करून बघू लागली. मग काकांनी मला आपल्या पुतण्याच्या, हॉलिसच्या, हातात ठेवले.

हॉलिसने मला फार जपले. खिशात नेताना तो झाकणाखाली फडक्याची घडी ठेवी, म्हणजे मी भलत्या वेळी कुरकुरू नये. गावात लोक म्हणत, "हॉलिसची डबी खऱ्या मादीपेक्षा गोड बोलते." मी ते कधी नाकारले नाही.

पण हॉलिसने सारा जन्म लाकूड कापायच्या गिरणीत काढला. करवतीने त्याचे कान खाल्ले. गेले दोन वसंत त्याला रानात एकाही नराची गडगडाटी हाक ऐकू आली नाही. मी स्वयंपाकघरातल्या खणात, सुतळी आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी पडून राहिले. मला तिथे फार वाईट वाटायचे.

यंदा त्याने खण उघडला आणि बायकोला, ओपलला, म्हणाला, "एकदा तरी नर ओरडलेला ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर बंदूक आणि ही डबी, दोन्ही देऊन टाकतो."

"आणि मग दिवसभर घरात बसून माझं डोकं खाशील?" ओपल त्याच्या कानाशी ओरडली. "ते नाही जमायचं. मी येते तुझ्याबरोबर."

संध्याकाळी दोघे ओढ्याकाठी गेले. हॉलिसने तोंडाशी हात धरून घुबडाचा आवाज काढला. घुबड घुमले की टर्कीच्या नराला उलट ओरडल्याशिवाय राहवत नाही. पलीकडच्या उंच झाडावरून उत्तर आले, पण ते ऐकले फक्त ओपलने. तिने बोट दाखवले. पक्ष्यांचे रात्री बसायचे झाड, त्यांचा रातथारा, सापडला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी, बत्ती न लावता, दोघे चढाच्या बाजूने आले आणि ओकच्या एका रुंद झाडाला पाठ टेकून बसले. याहून जवळ गेले असते तर पक्षी बिथरले असते. नर ओरडला की ओपलने हॉलिसचा गुडघा दाबायचा, असे ठरले होते.

झाडावर नर जागा झाला. हॉलिसने मला हळूच वाजवले, झोपेतली मादी पुटपुटते तसे. वरून गडगडाट झाला. ओपलने गुडघा दाबला. हॉलिसचा चेहरा फुलला आणि त्याने मला पुन्हा वाजवले. पुन्हा गडगडाट, पुन्हा गुडघा, पुन्हा मी. त्याला माझाही आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो जोर वाढवत गेला. शेवटी मी अक्षरशः किंचाळत होते.

मित्रांनो, या पक्ष्यांची रीत अशी, की नराने फांदीवरून हाक द्यायची आणि मादीने चालत त्याच्याकडे जायचे. एवढी बोलते आहे म्हणजे येईलच, असे समजून ते महाशय फांदीवर ऐसपैस बसून राहिले. मला सगळे कळत होते, पण मला स्वतःचे झाकण धरता येत नाही.

ते ओपलने धरले. तिने मला हॉलिसच्या हातातून काढून घेतले, मादी झाडावरून उतरताना पंख वाजतात तशी टोपी मांडीवर फडफडवली, आणि मला मांडीखाली दाबून ती वर बसली. गुडघा दाबणेही तिने थांबवले.

हॉलिसला वाटले, नर गेला. त्याचे तोंड एवढेसे झाले. तो उठू लागला, तसे ओपलने पट्टा धरून त्याला खाली बसवले. मी अंधारात चिडीचूप होते.

मग मोठे पंख वाजले. थोड्या वेळाने पाचोळा वाजू लागला. गप्प झालेल्या मादीला शोधायला नर स्वतःच चढ चढून येत होता. ओकच्या अगदी पुढ्यात येऊन त्याने मान ताणली आणि असा गडगडला, की माझे लाकूड थरथरले.

"ऐकलं!" हॉलिस केवढ्याने तरी ओरडला. "ओपल, ऐकलं मी!"

बंदूक मांडीवर तशीच राहिली आणि नर ओढ्यापार पळाला.

"अख्ख्या डोंगरानं ऐकलं तुझं," ओपल म्हणाली. "आता रात्री नुसत्या बीन्स गिळ."

"काय म्हणालीस?"

"बीन्स!"

"बीन्स तर बीन्स," हॉलिस डोळे पुसत हसला. "उद्या परत येऊ."

हॉलिसने बंदूक कुणाला दिली नाही आणि मलाही देऊन टाकले नाही. आता मी ओपलच्या खिशात असते आणि मजेत आहे. माझ्यासारखी एखादी डबी तुमच्या हाती आली तर तिला ओल लागू देऊ नका, कडेला तेलकट बोट लावू नका, आवाज नीट निघावा म्हणून कडेवर अधूनमधून खडू फिरवा. आणि तिला कधी गप्प करायचे, हेही शिकून घ्या. कारण आजवरची माझी सगळ्यात चांगली साद मी ओपलच्या मांडीखाली, एक अक्षर न बोलता घातली आहे.