उंदीर गाळलेलं पुस्तक

थोरल्या जाऊबाईंचं नाताळातल्या रंगांचं चित्रपुस्तक छापून आलं, आणि पुस्तकांच्या दुकानात त्याचं वाचन ठरलं. समोर सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आया. ऐन वेळी दारातून धाकटी जाऊ आत आली, लेकीचं बोट धरून. तिला थोरलीने बोलावलं नव्हतं; धाकटीचा नवराच कौतुकाने दोघींना सोडून गेला होता.

थोरलीने घाईने पुस्तक उघडलं. पुस्तकातली ओळ न् ओळ धाकटीची होती. लेकीला निजवताना ती मनाने रचून सांगायची. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात भिंतीपलीकडे पेनही होतं. विचारायला काही जात नव्हतं, पण विचारलं असतं तर कव्हरवर दोन नावं आली असती.

“लाल काय, लाल काय?” थोरलीने सुरुवात केली.

“थंडीनं झालेलं बाबांचं नाक!” पुतणी ओरडली. पान अजून उलटायचं होतं.

“हिरवं काय, हिरवं काय?”

“मोजे वाळत घातलेलं झाड!”

आया हसल्या. थोरलीने पांढरी दाढी, सोनेरी चांदणी भराभर उरकली.

“काकू, करडा राहिला! दाढीतला बिस्किटाचा चुरा खाणारा उंदीर कुठाय?”

उंदीर थोरलीनेच गाळला होता. तिला किळस यायची.

“तुला गं कसा माहीत उंदीर?” दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

“आई—”

“अहो, ताईंनी घरी वाचून वाचून आमचे कान किटवलेत,” धाकटी मध्येच म्हणाली. “तेव्हा उंदीर होता. हो ना, ताई?”

सगळे थोरलीकडे बघू लागले. खरं बोलायला एक श्वास पुरला असता.

“होता,” ती म्हणाली. “मग मी काढला.”

पोरगी आईकडे बघतच राहिली. आईने तिचा हात दाबला.

सह्यांच्या रांगेत धाकटी सर्वांत शेवटी आली. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“तू कशाला गं रांगेत? घरी दिलं असतं की.”

“असू दे. पोरीला आत्ताच हवंय.”

थोरलीने पेन टेकवलं. ‘हे तुझ्या आईचंच’ एवढं लिहायचं होतं. पण शेजारी मालकीणबाई उभ्या होत्या. तिने नुसती सही केली.

धाकटीने ती सावकाश वाचली.

“अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं, ताई.”

आणि थोरलीच्या तोंडून, रांगेत सगळ्यांना म्हणून म्हणून लागलेल्या सवयीने, “थँक यू” निघून गेलं.