मिसेस हॅचरचे कान

सत्तावीस वर्षांत मिसेस हॅचरना फोनवर कुणी बनवलं नव्हतं. केटरमन हायस्कूलच्या हजेरीच्या खिडकीत बसून, मुलांच्या गैरहजेरीचे फोन घेताना त्यांनी आवाज न फुटलेले ‘बाबा’ पकडले होते, मागे कुणी खिदळलं की घाईघाईनं फोन ठेवणाऱ्या ‘आज्या’ पकडल्या होत्या. बारावीतल्या येसेनिया कोलोनला तर नऊ वेळा धरलं होतं. दहाव्यांदा दांडी सापडली की येसेनियाला शाळा पूर्ण झाल्याच्या समारंभात झगा-टोपी घालून स्टेजवर चालता येणार नव्हतं. सध्या ती शिक्षा म्हणून रोज दुपारी त्यांच्याच खोलीत उशिराच्या चिठ्ठ्या कापत बसायची.

त्या बुधवारी मिसेस हॅचर मुख्याध्यापक ब्रूबेकरांच्या खोलीतून तोंड पाडून बाहेर आल्या. शुक्रवारी दुपारी ॲक्रनला नातीची सॉफ्टबॉलची राज्य उपांत्य फेरी होती, आणि चेंडू नातच टाकणार होती. पण गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये सगळी रजा संपलेली. “तुमच्या नातीचं कौतुक आहे, व्हर्ना, पण वर्षअखेरचा हजेरीचा अहवाल आहे,” असं म्हणून ब्रूबेकरांनी विषय मिटवला होता.

“आजारी पडा की,” येसेनिया मान वर न करता म्हणाली.

“मला खोटं बोलता येत नाही.”

“मग मी बोलते. दाताच्या दवाखान्यातून फोन करते.”

“तू? नऊ वेळा पकडलंय मी तुला.”

“तुम्ही पकडलंय. मिस्टर ब्रूबेकरांनी कुठं?”

मिसेस हॅचरनी दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांची विद्या कुणाला शिकवायची राहूनच गेली होती.

“तुझं चुकतं कुठं सांगू? तू फार गोड बोलतेस. खऱ्या आईला फोन करायला वेळ नसतो. ती वैतागलेली असते, वर्गशिक्षकाचं नाव तिला आठवत नाही, मागे कुत्रा भुंकत असतो, आणि मध्येच ती दुसऱ्याच कुणावर तरी ओरडते. लिहून नको घेऊस, पोरी. लक्षात ठेव.”

शुक्रवारी दहा वाजता ब्रूबेकर खिडकीशी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“दाढेत पू झालाय हे मला का नाही सांगितलंत? ती दवाखान्यातली बाई मला वाट्टेल ते बोलली. म्हणे तिसऱ्यांदा वेळ चुकवताय, आता सप्टेंबरशिवाय नंबर नाही. निघा तुम्ही.”

मिसेस हॅचरनी उजव्या गालाला हात लावला आणि त्या निघाल्या. लाज वाटली, पण गाडीपर्यंतच. नातीनं तेरा जणींना बाद केलं आणि आजी इतकी ओरडली की सोमवारी घसा खरोखरच बसला होता.

सोमवारी हजेरीपटात शुक्रवारच्या दुपारी गैरहजर म्हणून एक नाव होतं: येसेनिया कोलोन. फोनच्या मशीनवर तिच्या आईचा निरोप होता. कॉफी घेऊन तिथं उभ्या असलेल्या ब्रूबेकरांनीच बटण दाबलं. आई वैतागलेली होती. पोरीला उलट्या होत होत्या. वर्गशिक्षक म्हणजे ‘ते टक्कलवाले’ होते, आणि मागे कुत्रा जीव खाऊन भुंकत होता. मिसेस हॅचरना आधी अभिमान वाटला आणि मग ही दहावी दांडी असल्याचं आठवलं.

“काय म्हणतात तुमचे कान? खरी आहे?” ब्रूबेकरांनी विचारलं.

नाही म्हटलं तर पोरीचं स्टेज गेलं. हो म्हटलं तर सत्तावीस वर्षांची अब्रू गेली.

“खरी आहे,” मिसेस हॅचर म्हणाल्या. “किती चिडलीय बघा ना.”

ब्रूबेकरांनी निरोप पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

“हा कुत्रा मी शुक्रवारी ऐकलाय,” ते म्हणाले.

मिसेस हॅचरनी घाईनं गालाला हात लावला. या खेपेला डाव्या.

ब्रूबेकर त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. “नात जिंकली का?”

“दोन-एक.”

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “लावा आजारी. आणि त्या पोरीला सांगून ठेवा, दाताच्या दवाखान्यात कुत्रा नसतो.”