श्रावण वद्य पंचमीचा पतंग

चातुर्मासात माझे दोन नेम असतात. महादेवाला रोज हजार अखंड तांदूळ वाहायचे, मोजून. आणि खोटं बोलायचं नाही. लोकांना पहिला अवघड वाटतो. दुसरा दीपेशने मोडायला घेतला, तोही माझ्या नावाने.

दीपेश आमच्याच गल्लीतला, निसर्ग मंडळाचा अध्यक्ष. मंडळात माणसं सात, खिशाखिशांची जाकिटं आठ. रविवारी पहाटे टेकडीवर जातात, पोहे खाऊन परत येतात. दिवाळीच्या फराळाला आला तेव्हा मी त्याला मिठाईच्या डब्यात जपलेला पतंग दाखवला. श्रावणात सकाळी तुळशीपाशी मरून पडला होता. टोकदार पंख, त्यांवर टोकापर्यंत पांढरट पट्टा, मागचे पंख गुलाबी.

"काकू, ये तो पट्टेरी हॉकमॉथ! लांबून कुठून कुठून उडत येतो. आपल्या यादीत नाहीच. कधी मिळाला?"

मी तांदळांच्या लाखोलीची वही दिली. त्याने अक्षरं लावून लावून वाचलं, 'श्रावण वद्य पंचमी. आजवर तांदूळ एकोणचाळीस हजार. तुळशीपाशी मेलेला पतंग.' मग फोनमध्ये काहीतरी पाहिलं आणि मान डोलावली.

चार दिवसांनी पेपरात आलं. माळव्यातली पहिली नोंद, देवास, पंचवीस जुलै. निरीक्षक कुसुमावती, म्हणजे मी. फोटो दीपेशचा. हातात पतंग, तोही पालथा.

मी त्याला बोलावून घेतलं.

"पंचवीस जुलैला पतंग नव्हता रे. चोवीस ऑगस्टला होता."

"श्रावण कृष्ण पंचमी, काकू. फोनमध्ये तीच तारीख दिसते."

"ते शेजारच्या दुब्यांचं पंचांग. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा श्रावण वद्य म्हणजे आपला आषाढ वद्य. तुझे आजोबा गावाच्या पत्रिका मांडायचे."

"थोडं इकडेतिकडे, क्या फरक पड़ता है?"

"महिन्याचा."

तेव्हा खरं बाहेर आलं. तिकडे धार जिल्ह्यात, राजगढच्या एका मास्तरांनी हाच पतंग अकरा ऑगस्टला नोंदवला होता. आमची तारीख ऑगस्टात गेली की पहिला मान त्यांचा. आणि रविवारी दीपेशचा सत्कार ठरलेला.

"मग माझं नाव काढ," मी म्हटलं. "कार्तिकी एकादशी झाली की नेम सुटायचा आहे. तोवर माझ्या नावाने खोटं नको."

"बघणाऱ्याचं नाव नसेल तर नोंदच रद्द होते."

"दुसऱ्या कुणी पाहिला असेल, तर त्याचं लिही."

तो बराच वेळ जाकिटाच्या खिशांत काहीतरी शोधत राहिला. काही सापडलं नाही.

"कुणाला कळणार आहे, काकू? सत्कार तुमचाही आहे. शाल, श्रीफळ."

मी वही त्याच्या मांडीवर ठेवली. "आषाढी एकादशीला लाखोली धरली. रोज हजार. पंचवीस जुलैला नऊ हजार झाले होते. पतंगाच्या पानावर एकोणचाळीस आहेत. मधले तीस हजार कुणी वाहिले, तुझ्या मंडळाने?"

त्याने वहीची पानं मागे उलटून पाहिली.

"येते मी सत्काराला. एवढं एकच पान वाचून दाखवीन."

त्याने फोन काढला. नोंदींच्या साइटवर तारीख बदलली. खाली बदलाचं कारण विचारलं होतं. त्याने लिहिलं, 'निरीक्षकाची चूक.'

"निरीक्षक कोण?"

"तुम्ही."

"पूस."

त्याने पुसलं. 'नोंद करणाऱ्याची चूक.'

"त्याला नाव असेल ना?"

नावही लिहिलं त्याने. टायपायला वेळ लागला, स्वतःचं असूनही.

रविवारी सत्कार झाला नाही. पोहे झाले, असं ऐकलं. एकादशी पार पडली, द्वादशीला मी नेम सोडला.

संध्याकाळी दीपेशची आई, जानकीबाई, प्रसादाला आली. म्हणाली, "कुसुमताई, आमचा दीपेश किती अभ्यासू आहे, नाही?"

"फारच," मी म्हटलं आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

नेम सुटल्यावर चालतं.